उजव्या फेरीचा पंप

परभणी जिल्ह्यात मी बोटीचं इंजिन बसवलं, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडं बघतो आणि मग विषय बदलतो. त्याचा दोष नाही. आमच्याकडून समुद्र गाठायचा तर एक दिवस आणि एक रात्र मोडते. पण ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण माणसांना लागू आहे तशी यंत्रांनाही आहे. जे कुठंच जमत नाही ते शेवटी आमच्या दारात येतं. हे इंजिन असंच आलं. कुठल्याशा मच्छीमार बोटीत उमेदीची वर्षं घालवून ते भंगारात निघालं, रेल्वेनं परभणीला उतरलं आणि तिथून ट्रकनं पूर्णेवरच्या धरणाच्या वर्कशॉपात आलं. सत्तरीचं दशक तेव्हा अर्ध्याच्या पुढं सरकलं होतं, आणि त्या वर्कशॉपात मी फिटर होतो.

मी मूळचा बोरीचा. परभणीत मोंढ्याच्या मागं एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. तिथं यायची ती सगळी शेतीची ऑइल इंजिनं, विहिरीवर पाणी उपसणारी. उस्ताद आवाजावरून इंजिनाचा आजार सांगायचे. ते धरणावर नोकरीला लागले आणि मागून त्यांनी मलाही ओढून घेतलं. त्यांना उस्ताद म्हणायची सवय माझ्यापासून लागली आणि मग धरणावरचे साहेबही त्यांना उस्तादच म्हणायला लागले.

माझी बायको शाळेत शिकवायची. ती पिंगळीची, रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. आमच्या नात्यात शिकून नोकरी धरलेली ती पहिलीच बाई. तिची शाळा धरणाच्या पाण्यापलीकडं होती. आमच्या काठावर उभं राहिलं की सकाळच्या उन्हात तिच्या शाळेचे पत्रे चकाकताना दिसायचे. इतकं जवळ. पण मधला रस्ता पाण्यानं गिळलेला. तिच्याकडं जायचं तर जिंतूरला वळसा, दोन एसट्या, आणि एसटीनं जिथं सोडलं तिथून पुढं पायपीट. दोन-तीन आठवड्यांनी एकदा मी जायचो. सुटी जाण्यायेण्यातच संपायची. लग्न झाल्यापासून आमचा संसार असा दोन काठांवर मांडलेला होता. बदलीच्या नावानं खेटे घालून झाले होते आणि दोघंही त्या खेट्यांना विटलो होतो.

अशात खात्यानं ठरवलं की धरणावर पडून असलेली जुनी लोखंडी लाँच दुरुस्त करायची आणि पलीकडच्या गावांसाठी सकाळ-संध्याकाळ चालवायची. हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढच्या खेपेला मी बायकोला सगळं सांगितलं. लाँच सुरू झाली की तू कॉलनीत राहायला ये, सकाळी लाँचनं शाळेत जायचं, संध्याकाळी लाँचनं घरी यायचं, क्वार्टर तर मला मिळालेलंच आहे. ती तांदूळ निवडत होती. ‘हं,’ म्हणाली. मी तो होकार धरला. बायकोच्या ‘हं’चा खरा अर्थ कुठल्या नवऱ्याला कळलाय? परत आलो तो क्वार्टरला चुना लावायलाच घेतला. तिच्या पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या ठोकल्या. शेजारच्या बायका विचारायला लागल्या की मास्तरीणबाई कधी येणार, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो, इंजिन सुरू झालं की.

लाँचसाठी आलेलं इंजिन दणकट होतं, पण ते तिच्यात बसवून झाल्यावर कळलं की त्याचा गिअरबॉक्स आतून पार खलास झालाय. त्याचे भाग मिळायची आशा नव्हती. आमचे साहेब तरुण होते आणि त्यांना नव्या गोष्टींची हौस होती. त्यांनी तोड काढली. गिअर नकोतच. इंजिनाच्या जोरावर एक तेलाचा पंप चालवायचा. पंपानं दाबलेलं तेल जाड होज पाइपांतून मागं न्यायचं. तिथं लाँचच्या पाण्यातल्या पंख्याला जोडलेली एक तेलावर फिरणारी मोटर. मधे हातानं ओढायचा एक दांडा. दांडा पुढं केला की तेल एका बाजूनं जाणार आणि लाँच पुढं जाणार, मागं ओढला की तेल दुसऱ्या बाजूनं जाणार आणि लाँच मागं. साहेबांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. उस्ताद खडूच्या रेघा बघून म्हणाले, बैल सोडून तेलालाच हाकायचा प्रकार दिसतोय, पण करून बघू.

इंजिनाच्या मागच्या अंगाला तो मोडका गिअरबॉक्स असा बसला होता की तो काढायचा तर अर्धी लाँच खोलावी लागली असती. म्हणून पंप पुढच्या अंगाला लावायचं ठरलं, जिथं हँडल मारतात तिथं. इंजिन बॅटरीवर सुरू होत होतं, त्यामुळं हँडलची जागा मोकळीच होती. पंप मागवायचा तर तो कोणत्या फेरीचा पाहिजे हे सांगावं लागतं, उजवीकडं फिरणारा की डावीकडं. आम्ही तिघं हँडलच्या बाजूला उभे राहिलो. मी हँडल घालून इंजिन एक वेढा फिरवलं. उजवीकडं फिरलं. उस्ताद म्हणाले, उजवी. साहेब म्हणाले, उजवी. मीही म्हणालो, उजवी. इतकं एकमत त्या वर्कशॉपात पुन्हा कधी झालं नाही.

पंप आला. त्यानंतरचं आठवलं की आजही पाठ धरते. लाँचच्या पोटात माणूस ना उभा राहू शकत होता ना बसू शकत होता. गुडघे छातीशी घेऊन, मान वाकडी करून, एका हातानं पाना आणि दुसऱ्या हातानं स्वतःला सावरत काम करायचं. इंजिनाचा फिरता दांडा आणि पंपाचा फिरता दांडा एका रेषेत आणायचे होते. केसाएवढा फरक राहिला तरी त्यांना जोडणारं मधलं कपलिंग मार खातं. पंपाखाली पत्र्याची पातळ पॅकिंग घालायची, मोजायचं, काढायची, पुन्हा घालायची. वरून लोखंड तापलेलं. घाम डोळ्यांत, तेल केसांत. घरी जाऊन आंघोळ केली तरी उशीला डिझेलचा वास यायचा. मी रोज ठरवायचो की आज दोन घास नीट बसून खायचे, आणि रोज भाकरी हातात असतानाच डोळे मिटायचे.

शेवटी तो दिवस आला. टाकीत तेल भरलं, बटण दाबलं. इंजिन धडधडलं, आणि पंपाच्या दांड्याभोवती असतं ते रबरी सील फट्‌दिशी बाहेर उडालं. तेलाची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर. पंखा जागचा हलला नाही.

सील खराब असेल म्हणून दुसरं मागवलं. ते यायला कितीतरी दिवस गेले. बसवलं, उडालं. मग उस्तादांनी ठरवलं की रेषा चुकली असणार, म्हणून सगळं खोलून पुन्हा पॅकिंग, पुन्हा मोजमाप, पुन्हा तेच गुडघे छातीशी. तिसरं सील उडालं. मग साहेबांना वाटलं की तेल पातळ आहे. जाड तेल आणलं. चौथं सील जाड तेलानं उडालं, एवढाच फरक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं ते चाललं होतं, पण तसं चाललंय हे आम्हाला कळत नव्हतं. कॉलनीतली माणसं येताजाता विचारायची, काय, जहाज कधी निघायलंय? आधी मी हसून उत्तर द्यायचो. मग नुसता हसायचो. मग हसणंही सोडलं.

या सगळ्यात मी सुटीच्या दिवशीही काम करत होतो, कारण लाँच लवकर व्हावी ही घाई साहेबांपेक्षा मलाच जास्त होती. म्हणजे लाँच तर होतच नव्हती आणि बायकोकडं दोन-तीन आठवड्यांनी जायचो तेही बंद झालं. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, दुसरं काय. संध्याकाळी काठावर बसून मी पलीकडचे पत्रे बघायचो. मला तेव्हा बायकोची आठवण यायची असं म्हणणं फार नीटनेटकं होईल. मला नुसता शीण यायचा. वाटायचं, ही लाँच जर अशीच राहिली तर आपण असेच म्हातारे होणार, एक या काठावर, एक त्या काठावर, आणि मग कुणालाच पुन्हा एकत्र राहायची सवय लागणार नाही. ती भीती खरी होती.

चौथं सील उडाल्यावर मी साहेबांना सांगितलं की मी दोन दिवस जाऊन येतो. ते म्हणाले, जा. शुक्रवारी निघालो, जिंतूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत तासन्‌तास बसलो आणि दिवेलागणीला पोचलो. बायकोनं पाणी तापवून दिलं, पाठीला तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. तिचं घर शाळेला लागूनच होतं. मी उंबऱ्यावर चहा घेऊन बसलो होतो आणि समोर मैदानात ती पोरांची कवायत घेत होती.

पोरं तिच्याकडं तोंड करून रांगेत उभी. ती ओरडली, ‘उजवा हात वर.’ आणि स्वतः डावा हात वर केला.

मला हसू आलं. बाईच चुकल्या, म्हटलं. पण पोरांनी बरोबर उजवा हात वर केला होता. तिनं ‘डावा हात वर’ म्हटलं आणि स्वतःचा उजवा वर केला. पोरांचा डावा वर गेला. एकाचंही चुकलं नाही. शाळा सुटल्यावर पुन्हा चहा घेताना मी तिला चिडवलं की मास्तरीणबाईंना डावं-उजवं कळत नाही. ती म्हणाली, ‘पोरं ऐकून करत न्हाईत, बघून करतेत. आपण समोर उभं राहिलं की आपलं उलटं करावं लागतंय. समोरच्याचा उजवा तो आपला डावा. हे लय सोपं हाय.’

मी बशीतला चहा तसाच धरून बसलो. मग कप खाली ठेवला. मग मातीत काडीनं एक गोल काढला, समोर दुसरा गोल काढला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

आमची उभी हयात विहिरीवरच्या इंजिनात गेलेली. तिथं इंजिन आणि पंप शेजारी शेजारी असतात, जुवाला जोडलेल्या बैलांसारखे, दोघांची तोंडं एकाच दिशेला. मधे पट्टा. इंजिन उजवीकडं फिरलं की पंप उजवीकडं फिरतो. उजवं म्हणजे उजवं, त्यात विचार करायचं कारणच कधी पडलं नाही. इथं मात्र आम्ही पंप इंजिनाच्या समोर, तोंडाला तोंड लावून उभा केला होता. इंजिनाचं उजवं ते पंपाचं डावं. आमचा पंप सुरू झाल्याबरोबर उलटा फिरत होता. जिथून तेल ओढायचं तिथूनच ते बाहेर ढकलत होता.

त्यात आणखी एक शहाणपण आम्ही केलं होतं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह लावतात, पाणी वर यावं पण परत खाली जाऊ नये म्हणून. सवयीनं तोच आम्ही तेलाच्या टाकीतल्या पाइपाला लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तिकडं गेला. उलट्या ढकललेल्या तेलाला तिथून परतायला वाट नव्हती, मग ते सील फोडून बाहेर पडायचं. तो फूटव्हॉल्व्ह नसता तर सील उडालं नसतं, फक्त पंखा फिरला नसता, आणि चूक आम्हाला केव्हाच समजली असती.

मी दोन दिवसांसाठी गेलो होतो तो त्याच दुपारी परत निघालो. बायको म्हणाली, ‘आत्ता तर आलात.’ मी म्हणालो, आता थोडेच दिवस, मग रोजच भेटायचंय. ती पाठ फिरवून माझी पिशवी भरायला लागली. मला तेव्हा ते तिच्या मनातलं दुःख वाटलं. घाईत माणसाला सगळं आपल्या सोयीचंच दिसतं.

उस्तादांना सांगितलं तर ते लाँचच्या काठावर, खाली कपलिंगकडं बघत मांडी घालून बसले. मग म्हणाले, ‘सारी जिंदगी पट्ट्यावर गेली रे. पंपाला इंजनाच्या समोर कधी उभंच केलं न्हाई.’ त्यांचा आवाज पडला होता. साहेब मात्र पोट धरून हसले आणि वर काय कळवायचं ते मी बघतो म्हणाले. पंप उघडून आतल्या भागांची उलटापालट केली की त्याची फेरी बदलता येत होती. उस्तादांनी तो घरच्या जेवणाच्या डब्यासारखा सराईतपणे खोलला आणि बसवला. फूटव्हॉल्व्ह काढून टाकला. पाचवं सील घातलं. पुन्हा पॅकिंग, पुन्हा तीच कंबर. बटण दाबलं. सील जागेवर राहिलं. दांडा पुढं केला आणि मागं पाणी घुसळून वर आलं. कुणी ओरडलं नाही, कुणी नारळ फोडला नाही. आम्ही तिघं नुसते त्या फेसाकडं बघत उभे राहिलो. आनंद करायलाही अंगात जोर लागतो.

पहिली फेरी साहेबांनी माझ्या मनासारखी ठरवली, पलीकडच्या गावाला. मी आधीच निरोप धाडला होता की सामान बांधून ठेव. लाँच काठाला लागली तेव्हा गाव जमलं होतं. बायको पोरींच्या घोळक्यात उभी होती. हातात काही नव्हतं. ट्रंक नव्हती, गाठोडं नव्हतं. मला वाटलं घरी असेल, आणायला माणूस पाठवावा लागेल.

मी उतरून विचारलं, सामान कुठाय? ती मला थोडं बाजूला घेऊन गेली.

‘मी न्हाई येणार,’ ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं, लाँच चालू झाली. ती म्हणाली, दिसतंय. मग तिनं खालच्या आवाजात, शाळेत गणित समजावून सांगावं तसं सांगितलं. ‘तुमचं इंजन कवा बंद पडंल याचा नेम हाय का? मी तिकडं राहिले आन्‌ सकाळी ते चालू झालं न्हाई, तर हितं शाळा बंद. पोरं दारात बसून राहतील. तुमी हितं राहिलात, लाँचबी रातच्याला हितंच बांधलीत आन्‌ ते बंद पडलं, तर तुमी जागच्या जागी हात घालून चालू कराल. मग कोण हिकडं राहायचं, तुमीच सांगा.’

मला वाईट वाटलं ते तिच्या नकारापेक्षा तिचा हिशेब बरोबर असल्याचं. त्या इंजिनावर तिचा भरवसा माझ्याइतकाच होता, म्हणजे अजिबात नव्हता. तरी मी चिडलो. क्वार्टरला चुना लावला, फळ्या ठोकल्या, पाठ मोडून घेतली, हे सगळं मी एका दमात तिला ऐकवलं. ती म्हणाली, ‘मी लावा म्हणले होते का?’ आणि हे खरंच होतं. ती फक्त ‘हं’ म्हणाली होती.

मी लाँचमध्ये चढलो तो मागं वळून बघितलं नाही. आमचं बोलणं लाँचपर्यंत ऐकू गेलं होतं. उस्ताद म्हणाले, ‘बाईमाणूस बोलली ते गलत न्हाई.’

बरेच दिवस मी गेलो नाही. लाँच रोज जायची, यायची. मी लाँच सकाळी सोडायचो आणि संध्याकाळी बांधून घ्यायचो, पण स्वतः चढायचो नाही. बायकोनंही बोलावलं नाही. मधे दोनदा लाँच बंद पडली, एकदा होज फुटून आणि एकदा डिझेलमध्ये पाणी गेल्यानं. दोन्ही वेळा पलीकडच्या शाळेची घंटा वेळेवर वाजलेली काठावर ऐकू आली. मी पाना हातात धरून ती ऐकली. राग तिथंच कुठंतरी संपला. म्हणजे मला शहाणपण आलं असं नाही, राग धरून ठेवायला लागणारी ताकद उरली नव्हती.

एका संध्याकाळी मी अंथरूण गुंडाळलं, दोन कपडे पिशवीत घातले, क्वार्टरला कुलूप लावलं आणि पलीकडं जाणाऱ्या फेरीला चढलो. पोचलो तेव्हा तिच्या घरात सात-आठ पोरी कंदिलाभोवती बसल्या होत्या. दिवसा शेतावर जाणाऱ्या पोरींना ती संध्याकाळी शिकवायची; मी आलो की त्यांना सुटी मिळायची. हे तिनं मला कधी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलं असेल तर मी ऐकलं नसेल. मी दारात वळकटी घेऊन उभा राहिलो. एका पोरीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘बाई, हे कोण हायेत?’

बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग वळकटीकडं बघितलं. ‘सरका गं जरा,’ ती पोरींना म्हणाली. ‘घरचे आलेत.’

पोरी सरकल्या. मी भिंतीला टेकून त्यांच्या ओळीच्या शेवटी बसलो. ती पुढं शिकवायला लागली. मला तिला काहीतरी बोलायचं होतं, नीट ठरवून आणलेलं. पण पाठ भिंतीला लागली आणि पोरींचा पाढा संपायच्या आत मी बसल्या जागी झोपून गेलो.